टेप तुमच्याकडे, गाणी कोणाची?

प्रश्न: माझे मामा ध्वनिमुद्रक आणि संगीत निर्माते होते. १९८० ते २००० या काळात त्यांनी स्वतःच्या छोट्या स्टुडिओत बरेच गायक, कवी आणि हौशी बँड मुद्रित केले. काही कॅसेट स्वतःच्या लेबलवर काढल्या, पुष्कळशी मुद्रणं तशीच पडून राहिली. जाण्याआधी त्यांनी स्पूल आणि कॅसेटच्या पेट्या माझ्या स्वाधीन केल्या आणि म्हणाले, "लोकांना ऐकू दे हे." मी दोन वर्षं खपून सुमारे तीनशे मुद्रणं डिजिटल केली. त्यातली चाळीस इंटरनेटवर टाकली, मोफत आणि सगळ्यांची नावं देऊन. कित्येक कलाकारांनी आनंदाने फोन केले. एका गायिकेने मात्र "माझं गाणं ताबडतोब काढा" असं कळवलं. शब्द आणि चाल दोन्ही त्यांचीच आहेत. पाठोपाठ प्लॅटफॉर्मने ते गाणं बंद केलं. मामी आणि मामेभावाची हरकत नाही, पण कागदावर काहीच नाही. माझं काही चुकतंय का? पुढे काय करू?

उत्तर: चुकतंय, पण निस्तरता येईल इतकंच.

मामांनी तुम्हाला पेट्या दिल्या म्हणजे कायद्याच्या नजरेतून चुंबकीय फीत, प्लॅस्टिक आणि पुठ्ठा दिला. फितीवरच्या आवाजाचा हक्क ही वेगळी मालमत्ता आहे आणि ती तोंडी बोलून हातातून हातात जात नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ सांगतं की हक्क लिहून द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. लेखकाने अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कोणाला दिलं तर त्यासोबत हक्कही गेला असं कलम २० मानतं, पण त्या कलमात ध्वनिमुद्रण नाही. तेव्हा "ऐकू दे हे" हे मामांचं वाक्य कितीही मनापासूनचं असलं, तरी ते तुम्हाला मालक करत नाही.

मालक कोण, हे मामांच्या मृत्युपत्रावर अवलंबून आहे. मृत्युपत्र असेल तर ते आधी काढा. नसेल आणि कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर पत्नी, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. बहिणीचा मुलगा दुसऱ्या वर्गात येतो, तोही बराच खाली. मामी आणि मामेभाऊ असताना तुमचा नंबर लागत नाही. त्यांची "हरकत नाही" ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, म्हणून ती आजच कागदावर आणा. आज हरकत नाही आणि उद्या एखादं गाणं जाहिरातीत गेलं की आहे, असं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. त्यात कोणी वाईट नसतं.

आता खरी मेख. मामांचे वारस तुम्हाला तेवढंच देऊ शकतात, जेवढं मामांचं होतं. ते किती होतं?

स्टुडिओत आपण ज्याला निर्माता म्हणतो आणि कायदा ज्याला निर्माता म्हणतो, ते दर वेळी एकच असतील असं नाही. ध्वनिमुद्रण घडवून आणण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता, अशी कलम २ मधली व्याख्या आहे आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा त्यालाच धरतो. मिक्सिंगच्या टेबलाशी कोण बसलं होतं, सूर कोणी दुरुस्त केले, हे त्यात येत नाही. मामांनी कलाकार निवडला, वादकांचे पैसे दिले, कॅसेट स्वतःच्या नावावर काढली, तर ते मुद्रण मामांचं. पण एखादा बँड पदरचे पैसे घेऊन आला, तासाच्या भाड्याने स्टुडिओ घेतला आणि मास्टर टेपची एक प्रत मामांच्या कपाटात राहून गेली, तर कायद्यातला निर्माता बहुधा तो बँड. कॅसेटच्या डबीतल्या छापील इनले कार्डावर मामांचं नाव "संगीत निर्माता" म्हणून छापलेलं असलं तरी. आणि मैफल चालू असताना सहज जोडून घेतलेली टेप असेल तर ती कोणाच्या पुढाकाराने झाली हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं.

तुमच्या तीनशेपैकी किती कोणत्या प्रकारात बसतात, हे मी इथून सांगू शकत नाही. मामांच्या वह्या सांगतील. स्टुडिओची बुकिंगची वही, पावत्या, वादकांच्या हिशेबाचे कागद, पत्रं, फितीच्या डब्यावर पेनाने लिहिलेली तारीख, यातलं काहीही रद्दीत घालू नका. आणि इनले कार्ड तर जपाच. कलम ५२ अ नुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावर ते तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक आहे. छोट्या लेबलांनी हे नेहमी पाळलं असं नाही, पण जिथे पाळलं तिथे तुमचं निम्मं काम तो चिमुकला कागद करतो.

समजा मुद्रण निर्विवाद मामांचं निघालं. तरी गाण्याचे शब्द आणि चाल शिल्लक राहतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क त्याच्या पोटातल्या शब्दांच्या आणि संगीताच्या हक्काला धक्का लावत नाही, असं कलम १३ स्पष्ट म्हणतं. एका गाण्यात तीन मालक असणं ही नेहमीची गोष्ट आहे. स्वतंत्र कलाकारांच्या बाबतीत ते आणखी अवघड होतं, कारण सिनेमाच्या धंद्यात निदान करारनामे होते. इथे गाणारा स्वतःच कवी, स्वतःच संगीतकार, आणि सगळा व्यवहार चहाच्या कपावर. लेखी काही नसेल, तर शब्द आणि चाल त्यांच्या कर्त्याकडेच राहिली असं धरून चला.

म्हणूनच त्या गायिकेचं म्हणणं पक्कं आहे. नुसत्या गायिका असत्या तर जरा वाद घालता आला असता. कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १० मे १९९५ पासून अमलात आला. त्याआधीच्या मुद्रणावर केवळ गायिका म्हणून केलेला दावा दुबळा पडतो. (त्यानंतरच्या सादरीकरणांना पन्नास वर्षांचं संरक्षण आहे, आणि तुमच्या संग्रहात १९९५ नंतरचंही बरंच असणार.) पण या बाई कवयित्री आहेत आणि संगीतकारही. त्यांचा हक्क त्या हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. तुम्ही त्यांना श्रेय दिलंत हे चांगलं केलंत. श्रेय मात्र परवानगीची जागा घेत नाही, आणि "मोफत आहे" हेही उत्तर होत नाही. लोकांपर्यंत पोचवायचं की नाही हे ठरवण्याचाच तो हक्क आहे. पैसे घेतले का हा पुढचा प्रश्न.

जुनं आहे म्हणून हक्कातून मोकळं झालं असेल, अशी आशा तुमच्या पत्रात कुठेतरी डोकावते. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं चालतो. १९८७ ची कॅसेट १ जानेवारी २०४८ ला मोकळी होईल, तीही फक्त मुद्रण म्हणून. कधीच प्रकाशित न झालेल्या टेपचं तर घड्याळच सुरू झालेलं नाही, कारण मुदत मोजायची ती पहिल्या प्रकाशनापासून. तुम्ही ती नेटवर टाकलीत म्हणून सुरू झालं म्हणाल, तर तेही नाही. मालकाच्या परवानगीशिवाय केलेलं प्रकाशन या हिशेबात प्रकाशन धरलं जात नाही, कलम ४. कायदा कधीकधी असा खोडकर असतो.

"तीस सेकंदांपर्यंत चालतं" असंही अनेकजण ठामपणे सांगतात. असा कोणताही नियम कायद्यात नाही. तसंच "कोणाची हरकत असल्यास काढून टाकू" ही खाली लिहायची ओळ. ती सभ्यपणाची आहे, संरक्षण देत नाही. उलट परवानगी घेतली नव्हती याची तुमच्याच हातची कबुली ठरते.

घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तुमच्यासारख्या प्रकरणात गोष्ट तिथवर क्वचित जाते. पण "जाणूनबुजून" या शब्दाकडे लक्ष द्या. गायिकेचं पत्र येईपर्यंत तुम्ही अजाण होतात असं म्हणता आलं असतं, आता नाही. प्लॅटफॉर्मने गाणं बंद केलं असेल आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर कायद्याने त्यांना ते पुन्हा सुरू करण्याची मुभा असते. ते आपोआप परत दिसू लागलं तर जिंकलो असं समजू नका. स्वतः काढा.

बाकीच्या एकोणचाळीसचं काय? ज्या कलाकारांनी फोन केले, त्यांना आनंद ओसरायच्या आत एक पानाचं पत्र पाठवा. त्यात गाण्याचं नाव, त्यांची भूमिका (शब्द, चाल, गायन, वादन), इंटरनेटवरून ऐकवण्याची परवानगी, मुदत आणि प्रदेश, एवढं हवं. शेवटच्या दोन गोष्टी गाळल्या तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो, आणि तुमचा श्रोता कुठेही बसलेला असणार. पैसे मिळाले तर कसे वाटायचे, हेही एका वाक्यात लिहा, भले ते "मिळणार नाहीत" असं असो. परवाना लेखी हवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या कलमात सहीचा शब्द उरलेला नाही, त्यामुळे स्पष्ट ई-मेलही कामाला येतो. मी तरी सही घेतो. हेच पत्र मामी आणि मामेभावाकडून संपूर्ण संग्रहासाठी घ्या, आणि कोणी कवी-संगीतकार आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा सभासद असेल तर त्याने आपले हक्क तिकडे सोपवले आहेत का, हे विचारा. मग त्याची एकट्याची परवानगी पुरणार नाही.

ज्यांची परवानगी अजून नाही, ती गाणी तूर्त खाली उतरवा. दुसऱ्यांच्या प्रसिद्ध गाण्यांची बँडने केलेली आवृत्ती असेल तर ती यादीतूनच काढा. मूळ परवान्याशिवाय केलेल्या तशा मुद्रणाला स्वतःचा हक्कच मिळत नाही, आणि मूळ गाण्याचा मालक वेगळाच. मामांनी एखादा अल्बम मोठ्या कॅसेट कंपनीला दिला असेल तर तो करार हाती आल्याशिवाय हात लावू नका. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांत हक्क परत, हा नियम १९९४ च्या दुरुस्तीआधीच्या करारांना लागत नाही.

गाणी उतरवली म्हणून संग्रह अंधारात जायला नको. सूची प्रसिद्ध करा. कोणी गायलं, कोणी वाजवलं, कोणत्या तारखेला, कोणत्या फितीवर, ही माहिती आहे आणि माहितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. (इनलेवरच्या चित्राचा आणि फोटोचा मात्र असतो, ते छापायला जाऊ नका.) सूचीत आपलं नाव पाहून कलाकार स्वतः शोधत येतात. हरवलेला तबलजी शोधायला तुम्हाला जे वर्ष लागेल, ते काम त्याची नात एका संध्याकाळी करते.

ज्यांचा पत्ता लागणारच नाही त्यांच्यासाठी कलम ३१ अ आहे. कर्ता हयात नसेल, अज्ञात असेल किंवा मालक सापडत नसेल, तर वर्तमानपत्रात प्रस्तावाची जाहिरात देऊन वाणिज्य न्यायालयाकडे परवाना मागता येतो. रस्ता खरा आहे, पण खर्चाचा आणि वेळकाढू. दोन-चार अनमोल मुद्रणांसाठी तो चाला, दोनशेंसाठी नाही. उरलेल्यांसाठी एखाद्या ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाशी बोला. त्यांच्याकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची त्यांना कायद्यात सवलत आहे. म्हणजे टेपच त्यांना द्यावी लागेल, आणि त्यासाठी पुन्हा मामींची सही.

राहिल्या त्या बाई. त्यांना वकिली भाषेत उत्तर देऊ नका, माझं नावही त्यात नको. लिहा की गाणं काढलं आहे, न विचारता टाकलं याबद्दल दिलगीर आहात आणि पुन्हा टाकणार नाही. मग एकच प्रश्न विचारा: गाणं नको आहे, की हा टेक, म्हणजे त्या दिवशीचं हे मुद्रण, नको आहे? मामांच्या फितीवर तालमीचे, अर्धवट राहिलेले टेक असणारच, आणि त्या दिवशी आवाज बसलेला असला तर तीस-चाळीस वर्षांनी तो जगाने ऐकावा असं कोणाला वाटेल? त्याच फितीवर दुसरा टेक असेल तर दाखवा. तरीही नाही म्हणाल्या, तर विषय संपवा आणि फाइलची एक प्रत त्यांना पाठवून द्या. बहुधा त्यांच्याकडे तीही नसेल.