टिनाचे छप्पर आणि उघडे आकाश

प्रश्न : आमचे घर दोन खोल्यांचे आहे. माकडांच्या त्रासाला कंटाळून कवेलू काढले आणि टिनाचे पत्रे टाकले. तेव्हापासून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घरात बसवत नाही, आणि वीज गेली की कुलरही बंद पडतो. भर उन्हातही हवेपेक्षा थंड राहणारा पांढरा रंग शास्त्रज्ञांनी तयार केला आहे, असे पुतण्याने मोबाइलवर दाखवले. विजेशिवाय हे शक्य आहे का, आणि आमच्यासारख्यांनी काय करावे?
— एक शेतकरी वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : पुतण्याने दाखवले ते खरे आहे, आणि त्यामागचे तत्त्व आपण स्वतः अनेकदा पाहिलेले आहे. कार्तिकातल्या निरभ्र रात्री एक मोटारसायकल अंगणात उघड्यावर आणि दुसरी कडुनिंबाखाली उभी असेल, तर पहाटे उघड्यावरच्या गाडीची सीट दवाने भिजलेली असते आणि झाडाखालची कोरडी राहते. दव वरून पडत नाही. सीट भोवतालच्या हवेपेक्षा थंड झाली, म्हणून हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसली. तिला थंड केले ते उघड्या आकाशाने. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. यांपैकी बरेच किरण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवून धरतात, परंतु साधारण ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांना वातावरणातून जवळजवळ मोकळी वाट आहे, आणि त्या वाटेने उष्णता थेट अंतराळात निघून जाते. झाडाखालच्या सीटची ही वाट फांद्यांनी बंद केलेली असते. अठराव्या शतकात अलाहाबादेकडे थंडीच्या रात्री पेंढ्यावर उथळ मातीची भांडी मांडून बर्फ धरत असत, त्यातही या वाटेचा मोठा हात होता.

रात्री सहज घडणारी ही गोष्ट दिवसा घडत नाही, याचे कारण साध्या हिशेबात आहे. उन्हाळ्यात भर दुपारी एक चौरस मीटर छपरावर सुमारे १००० वॅट ऊन पडते, तर आकाशाच्या वाटेने निव्वळ बाहेर पडणारी उष्णता फार तर १०० वॅटच्या आसपास असते. छपराने उन्हाचा दहावा हिस्सा जरी शोषला, तरी सारी कमाई तिथेच संपली. बाजारातला चांगला पांढरा रंग ८० ते ९० टक्के ऊन परतवतो. त्यामुळे छप्पर पुष्कळ कमी तापते, परंतु हवेच्या तापमानाखाली जात नाही. संशोधकांची सगळी धडपड या उरलेल्या शेवटच्या दहा-वीस टक्क्यांसाठी आहे.

२०१४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन, शानहुई फॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिकाचे अतिशय पातळ असे सात थर चांदीवर चढवले, आणि तो पृष्ठभाग थेट उन्हात हवेपेक्षा सुमारे ५ अंश थंड राहिला. अशा थरांनी गावातले छप्पर मढवणे परवडणारे नाही, हे सांगायला नको. मला स्वतःला त्यानंतरचे पर्ड्यू विद्यापीठातील शिउलिन रुआन यांच्या गटाचे काम अधिक मोलाचे वाटते, कारण त्यांनी पदार्थ निवडले ते अगदी ओळखीचे. २०२० मधील त्यांच्या रंगात कॅल्शियम कार्बोनेट होते. आपण भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाळतो, तेव्हा त्याचे हेच होते. वणी, राजुरा, कोरपना या भागांतली चुनखडीही मुख्यतः याचीच. त्या रंगाने ९५.५ टक्के ऊन परतवले. पुढच्याच वर्षी त्यांनी बेरियम सल्फेट वापरले. पोटाच्या एक्स-रेपूर्वी रुग्णाला पांढरा घोळ पाजतात, तो याच पदार्थाचा. या रंगाने ९८.१ टक्क्यांपर्यंत मजल मारली. हे अंतर किरकोळ भासते, परंतु शोषलेले ऊन त्यामुळे साडेचार टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्याही खाली आले, म्हणजे निम्म्याहून कमी झाले.

पदार्थ जुनेच आहेत. नवे काय आहे ते त्यांच्या कणांत आहे. उन्हात लहानमोठ्या अनेक तरंगलांबी असतात आणि प्रत्येकीला विखरून मागे फेकण्याचे काम तिला जुळणाऱ्या आकाराचा कण सर्वांत चांगले करतो, म्हणून या रंगांत वेगवेगळ्या आकारांचे कण भरपूर प्रमाणात ठासून भरलेले आहेत. नेहमीच्या पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषून घेते. हे दोन्ही पदार्थ ते जवळजवळ शोषत नाहीत.

आता आपल्या पत्र्याविषयी. नवा जस्ताचा पत्रा आरशासारखा चमकतो, तरी दुपारी त्यावर हात ठेवला तर भाजतो. तो बरेचसे ऊन परतवतो हे खरे, पण चकचकीत धातूला अवरक्त किरण बाहेर टाकणे फारसे जमत नाही, त्यामुळे आत आलेली थोडी उष्णताही साचत जाते. पुढे पत्रा काळवंडला, गंजला, की तो ऊनही जास्त पितो. पांढऱ्या रंगाने या दोन्ही गोष्टी सुधारतात.

म्हणून प्रयोगशाळेतल्या रंगाची वाट पाहत आपण पुढचा नवतपा काढू नये, असे माझे मत आहे. सिमेंटच्या स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात पुरेसे उपयोगी पडतात. टिनावर मात्र चुना लावू नये. ओला चुना जस्ताला खातो आणि वाळल्यावर गुळगुळीत पत्र्यावरून पापुद्रे सुटतात. त्यासाठी छपरावर चालणारा पाण्यात मिसळायचा पांढरा रंग घ्यावा, तारेच्या ब्रशने गंज खरवडून प्रायमर लावावा आणि मग दोन हात द्यावेत. काम फेब्रुवारीत, सकाळी करावे, आणि पाय नेहमी खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खाली आधार असेल तिथेच ठेवावा. पत्र्यावर तुराट्या अंथरायची सवय असेल, तर रंगवल्यानंतर त्या अंथरू नयेत, कारण रंग आणि आकाश यांच्यामध्ये त्याच आड येतात.

अपेक्षा मात्र योग्य ठेवाव्यात. बाहेर ४५ अंश असताना घर गार होणार नाही. दारातून येणाऱ्या झळा आणि तापलेल्या भिंती आहेतच. कमी होईल ती डोक्यावरच्या पत्र्यातून अंगावर उतरणारी धग, आणि दुपारी सर्वांत असह्य तीच असते. आपला उन्हाळा कोरडा आहे, ही यात जमेची बाजू आहे. दमट हवेत आकाशाची वाट अरुंद होते. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण आणले. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला ही नावे दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत येत असताना आपल्याकडे घरकुलांच्या टिनांना निदान पांढरा रंग सरकारी खर्चाने मिळावा, ही मागणी ग्रामसभेत व्हायला हवी.

प्रश्न : असे छप्पर हिवाळ्यात घर गारठवणार नाही का? आमच्या शाळेच्या खोल्यांवरही टिनच आहे.
— एक शिक्षिका, नागभीड तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : थोडे गारठवेल, दिवसा मिळणारी ऊब कमी होईल. आपल्याकडे उन्हाळ्याचा जाच हिवाळ्यापेक्षा कितीतरी लांब व जीवघेणा असल्याने मी हा तोटा स्वीकारीन. यावरही उपाय शोधला जात आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइड हा पदार्थ ठरावीक तापमानाला आपला स्वभाव बदलतो आणि त्यात थोडे टंगस्टन मिसळले की ते तापमान खाली आणता येते. २०२१ मध्ये बर्कले येथील जुनचियाओ वू यांच्या गटाने याच पदार्थापासून असे आवरण बनवले, की ते ३० अंशांच्या वर उष्णता आकाशाकडे सोडते आणि १५ अंशांच्या खाली बहुतांशी धरून ठेवते.

तोवर मुलांकडून एक प्रयोग जरूर करून घ्यावा. एकाच पत्र्याचे दोन हातभर तुकडे घ्यावेत, एक पांढरा रंगवावा, दुसरा तसाच ठेवावा, दोन्ही विटांवर मैदानात मांडावेत आणि प्रत्येकाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने तापमापी बसवावा. दर तासाला नोंद घ्यावी, आणि जमल्यास एखाद्या मुलाने आईवडिलांसोबत रात्री नऊ वाजताचीही नोंद घ्यावी.