एकाच खाणीचे कोअर, आकडे मात्र वेगळे

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या खाणीतल्या काळ्या दगडाचे ५४ मिमी व्यासाचे दोन कोअर (खडकातून कापून काढलेले दंडगोल) आम्ही कॉलेजात दाबून पाहिले. एक १६० मेगापास्कलला (दाबाचं एकक) फुटला, दुसरा ९० लाच. असं का? आणि खडक वाकतो म्हणतात, मग आमचा नुसता फुटतो कसा? – भूशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आधी दोन्ही कोअर ओले करून उन्हात नीट न्याहाळा. तुमचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. त्याच्या थराचा मधला भाग घट्ट असतो, माथ्याकडे वायूच्या पोकळ्या. त्यांत भरलेल्या झिओलाइट या खनिजाचे पांढरे ठिपके किंवा केसासारखी चीर दिसली, तर ९० चा आकडा खराच समजा.

तसं काही नसेल तर संशय टोकांवर घ्या. बहुतेक घोळ तिथेच होतो. करवतीखालून निघालेला कोअर थेट मशीनमध्ये ठेवू नये. जाड काचेवर कार्बोरंडमची (घासायच्या कठीण पदार्थाची) पूड आणि पाणी घेऊन टोकं घासा. उंचसखलपणा ०.०२ मिमीच्या आत हवा आणि टोक अक्षाशी काटकोनात. लांबी व्यासाच्या अडीचपट, म्हणजे १३५ मिमी. काँक्रीटच्या नमुन्याला करतात तशी प्लास्टरची टोपी इथे नको. मऊ थर बाजूला पसरताना टोकच फाडतो.

भार सेकंदाला ०.५ ते १ मेगापास्कलने वाढवा. घाई केली की आकडा फुगतो. १६० मेगापास्कल म्हणजे या कोअरवर सुमारे ३७ टन, तेव्हा जाळी लावल्याशिवाय जवळ उभं राहू नका. तुकडेही जपून ठेवा. एकाच कडेची कपची उडाली असेल तर टोक तिरकं होतं, ती चाचणी बाद.

आता वाकण्याचं. तुमच्या कोअरला कडेने आधारच नाही, म्हणून तो फुटतो. त्रिअक्षीय चाचणीत कोअरवर रबराचं किंवा तांब्याचं वेष्टण चढवून भोवती तेलाचा दाब देतात. वेष्टणाला टाचणीएवढं भोक पडलं तरी तेल चिरांत शिरतं आणि खडक उगाच कमजोर ठरतो. कार्मान या शास्त्रज्ञानं १९११ मध्ये अशाच दाबाखाली संगमरवर साध्या तापमानालाच न फुटता पिंपासारखा फुगवून दाखवला. बेसाल्ट इतक्यावर ऐकत नाही, त्याला भट्टीही लागते. निसर्गाला लाखो वर्षं मिळतात, प्रयोगशाळेला काही तास. ती कसर शेकडो अंशांच्या उष्णतेने भरून काढावी लागते. कॉलेजच्या मशीनवर हे होणार नाही. संगमरवराचा प्रयोग मात्र त्रिअक्षीय सेल (कोअरभोवती तेलाचा दाब देणारं भांडं) मिळाला तर जमण्यासारखा आहे.