न्यू जर्सीचा कायदा, एलिझाबेथचे केंद्र आणि ४८ तासांचा डिटेनर

न्यू जर्सीने २०२१ मध्ये इमिग्रेशनसाठीच्या स्थानबद्धतेवर बंदी घातली, तरीही एलिझाबेथ शहरातील स्थानबद्धता केंद्र सुरू आहे. मग कायद्याचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. तो कायदा वाया गेलेला नाही. त्याचा एक भाग टिकला आहे.

काउंट्या (जिल्ह्यासारखी स्थानिक प्रशासने) आणि खासगी कंपन्या या दोघांनाही आयसीईशी (अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याशी) नवे करार करण्यास, किंवा जुने वाढवण्यास, त्या कायद्याने मनाई केली. काउंटी हे राज्याचेच अंग असल्याने तिने कोणते काम करू नये हे राज्य ठरवू शकते. इलिनॉयच्या अशाच कायद्याविरुद्ध मॅकहेन्री आणि कँककी या काउंट्या न्यायालयात गेल्या, तेव्हा सातव्या सर्किट न्यायालयाने (फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील न्यायालयाने) २०२२ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. खासगी कंपनीचे तसे नाही. एलिझाबेथचे केंद्र चालवणाऱ्या कोअरसिव्हिकने दावा लावला आणि जुलै २०२५ मध्ये न्यू जर्सी ज्याच्या कक्षेत येते त्या तिसऱ्या सर्किटने, दोन विरुद्ध एक मताने, कंत्राटदारावरील ही बंदी म्हणजे फेडरल सरकारच्याच कामात आडकाठी ठरते, असा निकाल दिला.

एडिसन परिसरातील आपल्या मंडळींनी याहूनही जास्त लक्ष द्यावे ते डिटेनरकडे. स्थानिक तुरुंगातील व्यक्तीची सुटकेची वेळ झाली तरी तिला आणखी ४८ तासांपर्यंत ठेवून घ्यावे, अशी आयसीईची ही विनंती असते आणि तिच्यावर सही आयसीईच्या अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नव्हे. ती पाळणे बंधनकारक नाही, हे तिसऱ्या सर्किटने २०१४ मध्येच स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑरेगनमध्ये, ५०० डॉलरच्या जामिनावर सुटू शकणाऱ्या एका महिलेला केवळ डिटेनरमुळे अडकवून ठेवल्याबद्दल फेडरल न्यायालयाने क्लॅकमस काउंटीला जबाबदार धरले. कारण सुटकेचा हक्क मिळाल्यानंतर धरून ठेवणे ही नवी अटकच असते आणि तिला राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीप्रमाणे सबळ कारण लागते. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणखी पुढे जाऊन, अशी दिवाणी अटक करण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्यांना राज्याच्या कायद्याने दिलेलाच नाही, असे ठरवले.

न्यू जर्सीच्या अॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) २०१८ च्या निर्देशानुसार गंभीर गुन्ह्याचा आरोप किंवा दोषसिद्धी, अथवा न्यायाधीशाच्या सहीचा हद्दपारीचा अंतिम आदेश असेल तरच डिटेनरवरून थांबवून ठेवता येते, आणि तेही सुटकेच्या दिवशी रात्री ११.५९ पर्यंतच.

मला खरी चिंता वाटते ती स्थानबद्धांना दूर हलवले जाण्याची. काउंट्यांचे तुरुंग या कामासाठी बंद झाल्यावर काही स्थानबद्धांना दुसऱ्या राज्यांत हलवले गेले, आणि इमिग्रेशनच्या खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नसल्याने कुटुंबापासून झालेली ती ताटातूट फार जड जाते. म्हणून आप्त अटकेत असेल तर त्याला कोणत्या कागदावरून ठेवले आहे आणि त्यावर सही कोणाची आहे, हे त्याच दिवशी लेखी विचारून घ्यावे व तो कागद वकिलाकडे पोहोचवावा.