अरामको ही तेलकंपनी सौदी सरकारच्या मालकीची नेमकी कधी झाली? जप्तीने की खरेदीने?

खरेदीने, आणि तीही टप्प्याटप्प्याने. 1973 मध्ये 25 टक्के, 1974 मध्ये 60 टक्के आणि 1980 मध्ये पूर्ण 100 टक्के. त्याआधी मालकी चार अमेरिकी कंपन्यांची होती: आजच्या शेव्हरॉन आणि एक्सॉनमोबिलच्या पूर्वसुरींकडे आणि टेक्साकोकडे प्रत्येकी 30 टक्के, मोबिलकडे 10.

एवढा सावकाशपणा का, याचं उत्तर इराणमध्ये सापडतं. 1951 मध्ये तिथल्या पंतप्रधान मोसादेक यांच्या सरकारने ब्रिटिश कंपनीच्या हातातल्या तेलउद्योगाचं एका फटक्यात राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटिश तंत्रज्ञ निघून गेले, इराणी तेलावर बहिष्कार पडला आणि आबादानची प्रचंड रिफायनरी जवळजवळ ठप्प झाली. विहिरी ताब्यात आल्या, पण टँकर आणि गिऱ्हाईक परक्यांच्याच हातात राहिले. माझ्या मते राष्ट्रीयीकरणातली खरी मेख हीच आहे.

सौदी तेलमंत्री झकी यमानी यांनी म्हणून भागीदारीचा मार्ग धरला. भरपाई ठरवताना जमिनीखालच्या तेलसाठ्याची किंमत धरली नाही. विहिरी, पाइपलाइन वगैरे मालमत्तेचं अद्ययावत पुस्तकी मूल्य (हिशेबवहीत नोंदवलेली किंमत) धरलं. सरकारच्या वाट्याचं बरंचसं तेल जुन्या भागीदारांनीच विकत घेतलं, त्यामुळे विक्रीची साखळी तुटली नाही.

1980 आणि 1988 या तारखांची मात्र गल्लत होते. 1980 मध्ये मालकी आली. ‘सौदी अरामको’ ही स्वतंत्र कंपनी शाही फर्मानाने 1988 मध्ये स्थापन झाली. मधल्या काळात, 1984 मध्ये, अली अल-नईमी हे अरामकोचे पहिले सौदी अध्यक्ष झाले.