पाणी शरीरासाठी पी, चेहऱ्यासाठी नको

प्रिय पोरी,

रोज चार लिटर पाणी पिऊनही गालांवर पांढरट पापुद्रे आहेत, हनुवटीवरचे मुरुम तसेच आहेत, वर रात्री तीनदा उठावं लागतं, असं तू लिहिलंस. आता पाच लिटर करू का, असंही विचारलंस. नको. पाणी शरीरासाठी पी, चेहऱ्यासाठी नको. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस.

प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात जातं. रक्तात ते किती ठेवायचं हे मूत्रपिंडं ठरवतात, जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतात. चेहऱ्याकडे वळवायला काही उरत नाही. त्वचेच्या वरच्या थरात तर रक्तवाहिन्याच नसतात. खालून झिरपेल तेवढाच ओलावा तिथे पोचतो. तुला आरशात कोरडी दिसते ती सगळ्यात बाहेरची, मेलेल्या पेशींची पातळ चादर. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही तिची जाडी नसते. तिथे पेशी विटांसारख्या आणि मधले स्निग्ध पदार्थ, म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्लं, चुन्यासारखे बसलेले असतात. चुना धुऊन गेला की पाणी हवेत उडतं, मग तू आतून कितीही ओत.

हा चुना धुतंय कोण? पुण्याची डिसेंबरची कोरडी हवा, गीझरचं कढत पाणी आणि दिवसातून चार वेळा चेहऱ्याला लागणारा साबण. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचं माप, सातच्या खाली आम्ल) साधारण पाचच्या आसपास. नेहमीच्या साबणवडीचा पीएच नऊ ते दहा, म्हणजे उलट टोकाचा, म्हणून तो चुना सोडवतो. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत आटप. चेहरा दिवसातून दोनदाच, सौम्य फेसवॉशने धू. टॉवेलने घासू नकोस, टिपून घे आणि अंग किंचित ओलं असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लाव. चेहऱ्याला ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं हलकं लोशन. हातापायांना साधी पेट्रोलियम जेलीही चालेल. बाथरूममधून बाहेर येऊन, केस विंचरून, मोबाइल बघून मग लावलंस तर निम्मा उपयोग गेला. तुला कामाला येणारं पाणी ते हे, कातडीवरचं, उडून जाण्याआधी अडवलेलं.

मी पाण्याच्या विरोधात नाही. दिवसभरात जेमतेम तीन-चार पेले पिणाऱ्या बाईने पाणी वाढवलं तर त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला काही छोट्या अभ्यासांत दिसलाय. पण तू त्यातली नाहीस.

मग किती? युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये बायकांसाठी दिवसाला 2 लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हा आकडा दिला, तो अन्नातलं पाणी धरून. हे शेवटचे शब्द कुणी वाचतच नाही! वरण, भात, ताक, काकडी, चहासुद्धा त्यात मोजायचा. तुला या थंडीत 200 मिलिलिटरचे सात-आठ पेले पुरेत. उन्हाळ्यात, खेळल्यावर, तापात किंवा जुलाबात जास्त लागेल, आणि पुढे अंगावर पाजत असशील तेव्हाही. तहान लागली की पी, जेवताना पी. लघवी फिकट पिवळी असली की ठीक. सकाळची पहिली गडद असतेच. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती भडक पिवळी होते, तिला घाबरू नकोस. दिवसभर पाण्यासारखी पांढरी येत असेल तर तू उगाच पितेस. मुतखडा होऊन गेलेल्यांना जास्त पाणी सांगतात, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना मोजून कमी. त्यांचं माप तुझं नाही.

एका बैठकीत दोन लिटर पाणी संपवायची पैज तू लिहिलीस, ती मात्र आजच बंद कर. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरच बाहेर टाकू शकतात. त्याहून भरभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ते लिटरमागे 135 ते 145 मिलिमोलमध्ये असायला हवं. फार खाली गेलं की डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, शेवटी झटकेही. चेहऱ्यासाठी हा धोका?

मुरुमांचं तर पाण्याशी नातंच नाही. जास्तीचं तेल, बंद झालेली छिद्रं, जंतू आणि हार्मोन यांचा तो खेळ आहे. ‘विषारी द्रव्यं धुऊन जातात’ हे ऐकलं की माझा संयम सुटतो. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करतात. त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. बहुधा रात्री लावायला 0.1 टक्के अ‍ॅडापलीन किंवा अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवरची मलमं देतील. अ‍ॅडापलीन वाटाण्याएवढंच, सगळ्या चेहऱ्यावर पातळ. नुसतं मुरुमावर थापायचं नाही. गरोदरपणात ते बंद. पेरॉक्साइडने उशीचा अभ्रा विटतो, जुना वापर. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. तू सोडू नकोस.

दिवसा एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला दोन बोटांवर काढलेल्या रेघांएवढं. खंत एवढीच वाटते की इतकं स्वस्त, साधं काम पोरींपर्यंत पोचत नाही आणि पाण्याच्या बाटल्यांवरच्या ‘इतकं प्या’ सांगणाऱ्या रेघा मात्र पोचतात. म्हणून मी हट्टाने तेच सांगते: पाणी शरीरासाठी.

मैत्रिणीने दिलेल्या ‘उजळ’ करणाऱ्या मलमाचा तू ओझरता उल्लेख केलास, त्याची मला जास्त काळजी आहे. नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघ. असेल तर ते स्टिरॉइड आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, मुरुम वाढतात, आणि अचानक थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटतो. म्हणून स्वतःहून बंद करण्याआधी नळी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि किती दिवस लावतेस ते खरं सांग.