सामुराईंच्या खेळाची सुरुवात वीस प्रश्नांपासून करा

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं दोन वर्षं डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं घेऊन खेळायचा कथाखेळ, खेळताय, आता 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' हा सामुराईंचा तसाच खेळ सुरू करायचाय, पण जपानचा इतिहास कुणालाच येत नाही. तर हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी.

जमेल. इतिहास अडवणार नाही, सवय अडवेल. डी अँड डीत दार दिसलं की उघडायचं, राक्षस दिसला की मारायचा, सोनं सापडलं की वाटून घ्यायचं, हे हाताला बसलेलं असतं. इथे तुमचं पात्र कुणाच्या तरी पदरी असतं. दार उघडायचं तर आत कोण बसलंय, आपल्याला बोलावलंय का, आधी कुणी वाकायचं, आणि आपण चुकलो तर मान कुणाची खाली जाणार, हे सगळं आधी येतं. मी सहा वर्षं हा खेळ चालवतेय, म्हणजे कथा मांडून बाकीच्यांना खेळवतेय. ज्या गटांनी तो मध्येच सोडला त्यांचं जपानवाचून काही अडलं नव्हतं. त्यांनी पात्रं घाईघाईत बनवली होती, एवढंच.

आधी जगाबद्दल थोडं. हा खेळ रोकुगान नावाच्या काल्पनिक साम्राज्यात घडतो, आणि रोकुगान म्हणजे जपान नव्हे. सूर्य आणि चंद्राची मुलं स्वर्गातून खाली पडली, त्यांतल्या हांतेइचा वंश गादीवर बसला आणि बहुतेक भावंडांनी एकेक मोठं कुळ उभं केलं, अशी त्याची कथा. एक भावंड मात्र थेट पाताळात गेलं आणि दक्षिणेकडच्या शापित मुलखावर त्याचा अंमल बसला. मोठी कुळं सात: क्रॅब, क्रेन, ड्रॅगन, लायन, फिनिक्स, स्कॉर्पियन, युनिकॉर्न. क्रॅब दक्षिणेची भिंत राखतात. क्रेन दरबार, कविता आणि द्वंद्वयुद्ध यांत मुरलेले. लायन लढवय्ये. स्कॉर्पियन मुखवटे घालतात आणि साम्राज्याची घाणेरडी कामं अंगावर घेतात. युनिकॉर्न जवळजवळ आठशे वर्षं बाहेरच्या जगात भटकून परतलेले, म्हणून त्यांच्या घोड्यांकडे, कपड्यांकडे आणि ताटातल्या मांसाकडे बाकीचे नाक मुरडून बघतात. इथे बाईही पुरुषाच्या बरोबरीने सामुराई असते, सेनापती असते, कुळप्रमुख असते. खऱ्या सरंजामी जपानात असं सर्रास नव्हतं. 'शुगेन्जा' या शब्दाचंही तेच. जपानात तो डोंगरात तप करणाऱ्या साधकांसाठी वापरतात, तर खेळात शुगेन्जा म्हणजे पंचतत्त्वांच्या देवतांना आवाहन करणारा पुजारी. 'कोकू' हे जपानात तांदळाचं माप होतं, सुमारे १८० लिटरचं, आणि सरदाराची ऐपत त्यात मोजायचे. खेळात मात्र ते सोन्याचं नाणं आहे. म्हणून जपान शिकून मग खेळायचं, असा क्रम मनातून काढून टाका. खेळता खेळता कुतूहल वाढतं आणि मग आपण खरा इतिहास वाचतो. माझं तसंच झालं.

या जगाचा जन्म पत्त्यांच्या खेळातून झाला, १९९५ मध्ये. तेव्हा स्पर्धेत कुठलं कुळ जिंकलं यावरून साम्राज्याची कथा पुढे सरकायची. हरलेल्या कुळाकडून खेळणारे लोक अजूनही त्या हारी मनाला लावून घेतात, इतकी ती कथा आपली वाटायची. पात्र घेऊन खेळायचा खेळ १९९७ मध्ये आला. सध्याची पाचवी आवृत्ती २०१८ ची.

आता वीस प्रश्न. पाचव्या आवृत्तीत पात्र बनवताना तुम्हाला वीस प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, आणि आकडे त्या उत्तरांतूनच भरत जातात. कुळ कुठलं, घराणं कुठलं, कुठल्या शाळेत शिकलास, इथपर्यंत सगळं सोपं. पाचवा प्रश्न विचारतो की तुझा स्वामी कोण आणि त्याच्याप्रती तुझं कर्तव्य काय. याला गिरी म्हणतात. सहावा विचारतो की तुला मनातून काय हवंय आणि ते या कर्तव्याच्या आड कसं येईल. याला निन्जो म्हणतात. माझं म्हणणं असं की अख्खा खेळ या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत आहे. बाकीचं पुस्तक तिथवर पोचायची वाट आहे.

म्हणून पहिली संध्याकाळ फक्त याला द्या. 'कर्तव्य: स्वामीचं रक्षण, इच्छा: मोठा योद्धा होणं' असं कुणी लिहिलं तर ते खोडायला लावा. दोन्ही एकाच दिशेला जातात, त्यातून काही घडणार नाही. आमच्या एका मैत्रिणीने लिहिलं होतं, 'कर्तव्य: धाकट्या भावाला द्वंद्वासाठी तयार करणं, इच्छा: त्याने कधीच तलवार उपसू नये.' त्या एका ओळीवर आमचे दहा महिने गेले.

शेवटचा, विसावा प्रश्न आहे: तुझं पात्र कसं मरावं? पहिल्यांदा सगळे यावर हसतात. हसू द्या, पण उत्तर लिहून घ्या आणि जपून ठेवा. ज्याने 'म्हातारा होऊन, माझ्याच बागेत' असं लिहिलंय तो खेळाडू त्याला खेळातून काय हवंय ते तुम्हाला सांगतोय.

नियमांत एक गोष्ट आहे जिच्यासाठी मला ही आवृत्ती आवडते. फासे दोन प्रकारचे. काळे सहा बाजूंचे, ते तुमच्या तत्त्वाचे. पांढरे बारा बाजूंचे, ते कौशल्याचे. तत्त्वं पाच: वायू, पृथ्वी, अग्नी, जल आणि शून्य. काम कुठलं यापेक्षा तुम्ही ते कसं करता यावरून तत्त्व ठरतं. समोरच्याला समजावून सांगितलं तर पृथ्वी, चिथावलं तर अग्नी, गोडीने जिंकलं तर जल, फसवलं तर वायू. तत्त्वाचा जितका आकडा तितकेच फासे शेवटी ठेवता येतात. आणि काळ्या फाशाच्या सहांपैकी तीन बाजूंवर मनाच्या कल्लोळाची खूण असते. यश हवं तर पुष्कळदा ती खूणही पदरात घ्यावी लागते.

हे टेबलावर कसं दिसतं ते सांगते. लायन कुळाचा एक तरुण क्रेनच्या दरबारात बसलाय. तोशी रानबो या शहरावरून दोन्ही कुळांचं जुनं वैर, आणि त्याचा बाप तिथेच पडलेला. क्रेनचा एक दरबारी चहाचा पेला खाली ठेवतो आणि अगदी मृदू आवाजात म्हणतो, "तुमचे वडील फार घाईचे होते असं ऐकलंय." या पात्राचा अग्नी तीन, पृथ्वी दोन. चिथावलं असतं तर सोपं होतं. पण खेळाडू म्हणाला, "नाही, मी शांतपणे उत्तर देणार. पृथ्वी." दोन काळे, एक पांढरा. ठेवता येणार दोनच. यशाची गरज दोन. दोन्ही काळ्यांवर यश आलं, पण दोन्हींवर कल्लोळाची खूणही होती. पांढऱ्यावर यश नव्हतंच. त्याची सहनशीलता, म्हणजे कल्लोळ सोसायची मर्यादा, सहा, आणि आधीचा कल्लोळ पाच साचलेला. दोन्ही काळे ठेवले तर कल्लोळ सात.

त्याने एक फासा उचलला, परत ठेवला. मग दोन्ही ठेवले. उत्तर बिनतोड झालं, दरबार गप्प झाला, पण त्या क्षणी त्याच्या पात्राचा बांध फुटला. नियमात याला मुखवटा गळणं म्हणतात: साचलेलं उतरतं, पण सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "मी रडतो. तिथेच, सगळ्यांच्या देखत." रोकुगानमध्ये सामुराईने चारचौघांत भावना दाखवणं म्हणजे लाज. वाद जिंकला आणि अब्रू गेली, दोन्ही एकाच फेकीत. टेबलावर कुणी काही बोललं नाही. मी पुढचा प्रसंग सुरू करायला बराच वेळ घेतला, कारण मलाच सुचेना.

आवृत्तीबद्दल थोडक्यात. चौथी, २०१० ची, साध्या दहा बाजूंच्या फाशांवर चालते: अमुक टाका, त्यातले तमुक ठेवा, दहा पडला तर पुन्हा टाका. तीही चांगली आहे आणि तिच्यात लढाईला जास्त धार आहे. पण डी अँड डीची सवय मोडायची असेल तर पाचवीच घ्या. खास फासे मिळाले नाहीत म्हणून थांबू नका. आम्ही पहिले चार महिने साध्या फाशांवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून पेनने खुणा काढल्या होत्या.

पाच कडी, म्हणजे फाइव्ह रिंग्ज, हे नाव मियामोतो मुसाशी या तलवारबाजाच्या 'गोरिन नो शो' या ग्रंथावरून आलंय. तो १६४५ मध्ये वारला, ग्रंथ त्याच्या अखेरच्या दिवसांतला. पण ही पाच तत्त्वं त्याची नव्हेत. ती बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेली: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. जपानात गोरिनतो नावाचे दगडी स्मृतिस्तंभ असतात. तळाला चौकोनी ठोकळा, त्यावर गोल, त्यावर उतरतं छप्पर, त्यावर अर्धगोल आणि शेंड्याला मण्यासारखा आकार, अशी पाच तत्त्वं एकावर एक. त्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत बीजाक्षरं कोरतात, खालून वर अ, व, र, ह, ख. अशा स्तंभाच्या एका छायाचित्रातला 'ख' मला पहिल्यांदा कळला तेव्हा अंगावर काटा आला. ख म्हणजे आकाश. आपल्या खगोलातला, खगातला ख. खेळाच्या पुस्तकात पाचव्या तत्त्वाला, म्हणजे शून्याला, 'व्हॉइड' हा जो इंग्रजी शब्द आहे त्यावरून ते पोकळी किंवा अभाव वाटतं आणि खेळाडू गोंधळतात. आपल्याला गोंधळायचं कारण नाही. ज्यात बाकीची चारही मावतात ते आकाश. खेळात शून्याचा गुण खर्च केला की एक तत्त्वाचा फासा जास्त टाकता येतो आणि एक जास्त ठेवताही येतो. मी टेबलावर त्याला 'ख'च म्हणते, आणि आता सगळेच म्हणतात.

एक विषय मात्र खेळ सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या, त्याला फाटा देऊ नका. रोकुगानचा समाज जन्मावर उभा आहे. वर सामुराई, खाली शेतकरी, कारागीर, व्यापारी, आणि सगळ्यांत खाली हिनिन, ज्यांना मेलेल्या देहाला आणि कातड्याला हात लावावा लागतो. हिनिन या जपानी शब्दाचा अर्थच 'माणूस नसलेला'. हे कल्पनेतलं नाही. जपानात मेइजी सरकारने १८७१ मध्ये ही विभागणी कायद्याने रद्द केली, आणि त्यानंतरही त्या लोकांच्या वंशजांना लग्नात, नोकरीत भेदभाव सोसावा लागला. मराठी माणसाला हे वाचताना काय आठवतं ते मी सांगायला नको. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी हे सजावट म्हणून खेळणार नाही." त्या संध्याकाळी आम्ही फासे बाहेर काढले नाहीत, नुसते बोललो. ठरलं असं की हिनिन पात्रांना नाव असेल, घर असेल, मत असेल; आणि व्यवस्थेचा अन्याय गोष्टीच्या मागे नाही, पुढे असेल.

आणि खेळात त्याला जागा आहे. रोकुगानच्या कायद्यात पुराव्यापेक्षा साक्षीला वजन, आणि वरच्या माणसाची साक्ष खालच्याच्या साक्षीपेक्षा भारी. आमच्या कथेत एका खुनाचं सत्य फक्त प्रेत वाहणाऱ्या बाईला माहीत होतं, कारण जखम तिनेच जवळून पाहिली होती. सामुराई प्रेताला हात लावत नाही, आणि तिचा शब्द दरबारात चालत नाही. मग तिचं म्हणणं स्वतःचा शब्द म्हणून कोण मांडणार, आणि खोटं ठरलं तर पोट कोण चिरणार, यावर दोन रविवार गेले. त्या दोन रविवारांत एकही तलवार उपसली गेली नाही, आणि मी चालवलेल्या सगळ्या खेळांत ते मला सर्वांत प्रिय आहेत.

यावरून तुमच्या दुसऱ्या अडचणीवरही उत्तर मिळतं, जी तुम्हाला पात्रं बनवताना येईलच: एक लायन, एक क्रेन, एक स्कॉर्पियन निवडणार, मग हे एकत्र का राहतील? त्यांना एमराल्ड मॅजिस्ट्रेट करा. सम्राटाच्या नावाने न्याय बघणारे हे अधिकारी कुठल्याही कुळाचे असू शकतात, त्यांना सगळीकडे जाता येतं, आणि प्रत्येकाच्या घरचा स्वामी त्याला अधूनमधून असं काही सांगतो जे बाकीच्यांना सांगता येत नाही.

त्याच्या आधी, अगदी पहिल्या खेळासाठी, नवशिक्यांच्या पेटीतली टोपाझ चॅम्पियनशिपची कथा घ्या. क्रेनच्या त्सुमा गावात तरुणांची स्पर्धा असते, ती पार केली की ते प्रौढ सामुराई ठरतात. पात्रांनाही रीतभात नुकतीच शिकवलेली असते, त्यामुळे तुम्ही चुकलात तरी ते पात्राला शोभतं. चुकीची शिक्षा हलकी ठेवा, पण ती चूक कुणीतरी पाहिली हे दाखवा. एखाद्या म्हाताऱ्या सरदाराची भुवई वर गेली एवढंही पुरतं.

तुमच्या चौघांपैकी चालवणार कोण ते तुम्ही लिहिलं नाहीत. तुम्हीच असाल तर पाचव्या आणि सहाव्या प्रश्नांची तिघांची उत्तरं मला इथे खाली लिहून पाठवा. कुठे गाठ मारता येईल ते मी नक्की सांगेन.