कॉम्प्युटर दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारावा का?

नाही. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, म्हणजे फॉरमॅट, मुदत ठरवून तर मुळीच नाही. तुम्हाला रिपेअरवाल्याने सांगितलेला हा नियम विंडोज ९८ च्या जमान्यातला आहे. तेव्हा एक सॉफ्टवेअर टाकलं की ते दुसऱ्याच्या डीएलएल फायली (प्रोग्राम एकत्र वापरतात त्या) खुशाल बदलायचं. विंडोज २००० पासून सिस्टिमच्या फायलींना संरक्षण आलं, तरी नियम टिकलाय, कारण फॉरमॅटचे पैसे मिळतात.

मिरजेत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका वगैरे जुळवायचं काम आहे. ऐन लग्नसराईत मशिन अडकायला लागलं, पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर उघडता उघडेना. माझे दीर रिपेअरिंग करतात. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, फॉरमॅट मारून टाकू."

"भावजी, आधी हार्डडिस्क बघा."

"डेटा डी ड्राइव्हला आहे ना? मग जातंय काय?"

फायली राहिल्या, फॉन्ट गेले. पेजमेकरला युनिकोड (हल्लीची मराठी अक्षरांची पद्धत) कळत नाही, म्हणून आम्ही जुनेच फॉन्ट वापरतो आणि ते असतात सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फोल्डरात. पत्रिका उघडली तर गणपतीच्या श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच! मुलाकडची माणसं प्रूफ बघायला दारात उभी. ओळखीच्या प्रेसमधून फॉन्ट गोळा करण्यात रात्र गेली. माझं नाव बदनाम झालं ते वेगळंच.

आणि एवढं करून महिन्याभरात मशिन पुन्हा तसंच. मग मीच डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं. पिवळी खूण, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब झाले म्हणून बदललेले भाग) वाढलेले. डिस्कच मरायला टेकली होती. तिच्यावर नवी विंडोज टाकून काय होणार? एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) घेतली, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. आजही तीच विंडोज चालू आहे.

तेव्हा आधी डिस्कची हेल्थ, सी ड्राइव्हची रिकामी जागा आणि स्टार्टअपची (मशिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामची) यादी बघा. विंडोजच बिघडली असेल तर एसएफसी आणि डिझम या विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांड चालवा. तेवढ्याने भागलं नाही तर चालू विंडोजमध्येच आयएसओतला (विंडोजच्या इन्स्टॉलेशन फाइलमधला) सेटअप चालवा, फायली आणि प्रोग्राम ठेवायचा पर्याय मिळतो. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

हां, रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं असेल किंवा मशिन विकायचं असेल तर मात्र सगळं पुसाच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सध्या विंडोज ११ च्या नावाखालीही फॉरमॅट मारतात. टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) आणि अकराला चालणारा प्रोसेसर असेल तर दहावरूनच अकरा चढते, काही पुसावं लागत नाही. बॅकअप तरीही घ्याच, आणि त्यात फॉन्टचं फोल्डर हवंच.

भावजी अजून म्हणतात, फॉरमॅटने मशिन हलकं होतं. होतं ना, कारण स्टार्टअपचा पसारा जातो. मग तेच प्रोग्राम पुन्हा टाकले की पसारा परत येतो. तो टास्क मॅनेजरमधून फुकटात बंद करता येतो. तुमच्या रिपेअरवाल्यालाही म्हणा, आधी डिस्कचा रिपोर्ट दाखव, मग फॉरमॅटचं बोल.